प्रत्येकाला आपापलं सिद्दूर: ज्यूंच्या प्रार्थनापुस्तकाची वेबसाइट बनवताना काय काय आडवं येतं

सिद्दूर म्हणजे ज्यू लोकांचं रोजच्या प्रार्थनेचं पुस्तक. सकाळची, दुपारची, संध्याकाळची प्रार्थना, शब्बाथची (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाची) वेगळी, सणांची वेगळी, जेवणानंतरची, झोपायच्या आधीची, सगळं एका जाडजूड पुस्तकात. आपल्याकडच्या आरती संग्रहासारखं समजा, छापलेलं पुस्तक एकच पण कुठल्या घरात सुखकर्ता झालं की लगेच लवथवती, कुठे मधेच कुलदेवीची, कुठे घालीन लोटांगणच्या आधी अजून दोन घुसवलेल्या, आणि जो तो सांगणार की आमच्याकडे असंच असतं. ज्यूंमध्ये या 'आमच्याकडे असंच असतं'ला रीतसर नावं आहेत. मध्य आणि पूर्व युरोपवाल्यांचं अश्कनाझी, स्पेनमधून हाकललेल्यांचं सेफार्दी, येमेनचं वेगळं (त्यातही दोन तट), इटलीचं वेगळं, आणि प्रत्येकात शब्द कमीजास्त, क्रम मागेपुढे.

२००९ मध्ये अमेरिकेत आहरोन वराडी आणि एफ्राइम फाइनस्टाइन या दोघांनी ओपन सिद्दूर प्रोजेक्ट सुरू केला. कल्पना ऐकायला एकदम सोपी. सगळ्या परंपरांचे प्रार्थनापाठ एका डेटाबेसमध्ये टाकायचे, लोकांनी आपापली भाषांतरं, टिपा, नव्या प्रार्थना त्यात भर घालायच्या, आणि मग कुणीही येऊन मला अमुक परंपरा, तमुक भाषांतर, फाँट मोठा असं निवडून स्वतःचं सिद्दूर छापून घ्यायचं. कोड ओपन सोर्स, मजकूर ओपन लायसन्सखाली. माझं स्वतःचं काम पुस्तकं आणि मजकुराच्या सॉफ्टवेअरचं आहे आणि आमच्या धंद्यात 'कस्टमायझेशन' म्हटलं की लोकांना डाव्या बाजूला चेकबॉक्सची यादी आणि उजवीकडे प्रिव्ह्यू एवढंच दिसतं. या प्रकरणात तो चेकबॉक्सचा पडदा सगळ्यात शेवटी येतो आणि त्याच्या आधी जे डोंगर आहेत ते बघण्यासारखे आहेत, म्हणून हे लिहितोय.

थोडं मागचं आधी सांगतो, कारण त्याशिवाय डिझाइनचे निर्णय कळत नाहीत. प्रार्थना लिहून ठेवणंच मुळात पूर्वी नापसंत होतं. आशीर्वचनं, म्हणजे देवाला धन्य म्हणणारे प्रार्थनेतले तुकडे, लिहून ठेवणारा म्हणजे तोरा (बायबलातली पहिली पाच पुस्तकं, ज्यूंचा सगळ्यात पवित्र ग्रंथ) जाळणाराच, असं तल्मूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात चक्क म्हटलंय. सगळं तोंडपाठ. पुढे नवव्या शतकात स्पेनमधल्या ज्यूंनी बॅबिलोनचे मोठे धर्मपंडित राव अमराम गाओन यांना विचारलं की वर्षभराच्या प्रार्थनांचा क्रम कसा असावा, आणि त्यांनी जे सविस्तर उत्तर पाठवलं ते आपल्याला माहीत असलेलं पहिलं सिद्दूर. गंमत पुढे आहे, ते हाताने नकलून घेणाऱ्यांनी जिथे अमरामचा शब्द आपल्या गावच्या रीतीशी जुळला नाही तिथे सरळ आपला शब्द घातला, त्यामुळे आज त्याच्या हस्तलिखितांवरून मूळ काय होतं हे सांगणं अवघड आहे. म्हणजे कस्टमायझेशन पहिल्या प्रतीपासूनच चालू आहे. १४८६ ला इटलीत सोन्चिनोच्या छापखान्यात सिद्दूर छापलं गेलं आणि मग हळूहळू छापील पान हेच प्रमाण ठरत गेलं. विसाव्या शतकात झेरॉक्स आल्यावर अमेरिकेतल्या छोट्या छोट्या प्रार्थना गटांनी परत कात्री आणि डिंक हातात घेतला, या पुस्तकातलं पान, त्या पुस्तकातलं भाषांतर, मधे टाइप करून चिकटवलेली कविता.

आणि हे सगळं खेळीमेळीत चाललं असं समजू नका. १९४५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मॅकअल्पिन हॉटेलात ऑर्थोडॉक्स (कट्टर परंपरा पाळणाऱ्या) रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, संघटनेने मोर्डेकाय कॅप्लान या सुधारक रब्बींवर बहिष्कार घातला आणि त्याच सभेत त्यांचं नवं शब्बाथचं प्रार्थनापुस्तक जाळलं गेलं. कारण काय तर त्यांनी 'देवाने आम्हाला निवडलं' या अर्थाची वाक्यं बदलली होती. युरोपातलं महायुद्ध संपून महिना झाला होता आणि इथे ज्यूच ज्यूंचं पुस्तक जाळतायत. वेबसाइटवर 'एडिट' नावाचं बटण ठेवताना हा इतिहास पाठीशी आहे हे विसरून चालत नाही.

एक वाक्य बदललं की काय काय हलतं

आता प्रत्यक्ष कामाकडे. समजा एका शहरात वीस-पंचवीस जणांचा गट दर शुक्रवारी जमतो. कुणी अश्कनाझी घरातलं, कुणी मोरोक्कोच्या आईबापाचं, दोघांना हिब्रू वाचताच येत नाही, आणि गटाचं ठरलंय की अमिदा या मुख्य प्रार्थनेत पुरुष पूर्वजांबरोबर स्त्रियांचीही नावं घ्यायची. पारंपरिक पाठात अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव असं येतं. त्यात त्यांच्या बायका सारा, रिबका, राहेल, लेआ (शेवटच्या दोघी याकोबाच्याच) घालायच्या. करा की मग टाइप, असं कुणीही म्हणेल. पण राहेल आधी की लेआ आधी? दोन्ही पद्धती चालू आहेत. काही गट याकोबाच्या दासी बिल्हा आणि जिल्पा यांनाही घेतात. बरं, सुरुवातीला साराचं नाव घेतलं की त्याच आशीर्वचनाच्या शेवटी 'अब्राहामाची ढाल' असं जे येतं तिथेही साराचा उल्लेख जोडावा लागतो, तिथे कुठला शब्दप्रयोग वापरायचा यावर परत दोन मतं. आणि अमिदा दिवसातून तीनदा असते, शब्बाथला चारदा, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपवासाला पाचदा. म्हणजे हाताने बदलायला गेलात तर एका निर्णयासाठी पुस्तकभर पन्नास ठिकाणी हात घालावा लागेल आणि त्यातली दोन राहणारच.

म्हणून इथे मजकूर आणि निवड हे दोन वेगळे करावे लागतात. मजकुराचे तुकडे एका जागी, 'या गटाची निवड काय' हे दुसऱ्या जागी, आणि पान हे त्या दोघांवरून दर वेळी नव्याने तयार होणारं. वर्डमध्ये काम केलेल्या माणसाला हे पटायला फार वेळ लागतो, त्याला पान दिसत असतं आणि पानावरच खोडायचं असतं.

निवडी सगळ्या माणसाच्या हातातल्याही नसतात, काही पंचांगावर चालतात. पावसाचं बघा. 'वारा वाहवणारा आणि पाऊस पाडणारा' हा देवाच्या स्तुतीतला उल्लेख शरदातल्या सणांच्या शेवटी सुरू होतो आणि वल्हांडणाला (पेसाख, वसंतातला सण) थांबतो, उन्हाळ्यात त्या जागी सेफार्दी लोक 'दव पाडणारा' म्हणतात, इस्राएलबाहेरचे बरेच अश्कनाझी काहीच म्हणत नाहीत. पण प्रत्यक्ष पाऊस मागायची ओळ वेगळी आहे आणि तिची तारीखही वेगळी! इस्राएलमध्ये ती हेश्वान महिन्याच्या ७ तारखेला सुरू होते, आणि इस्राएलबाहेर ४ डिसेंबरच्या रात्री, पुढचं इंग्रजी वर्ष लीप असेल तर ५ डिसेंबरच्या. म्हणजे एकाच ओळीसाठी प्रोग्रामला ज्यू कॅलेंडर पण हवं, इंग्रजी कॅलेंडर पण हवं, आणि माणूस कुठे राहतो ते पण हवं. ही बाहेरची तारीख बॅबिलोनच्या शेतीच्या हिशोबाने ठरलेली आहे, त्यामुळे आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींनी (मराठी बोलणारे ज्यू) नियमाप्रमाणे पाऊस मागायचा तो भात कापून, झोडून झाल्यावर, डिसेंबरात. तल्मूदमध्ये निनवे या गावच्या लोकांनी हीच अडचण मांडलेली आहे, आम्हाला उन्हाळ्यातच पाऊस लागतो तर काय करायचं, आणि त्यांना उत्तर मिळालं की वैयक्तिक मागण्यांच्या आशीर्वचनात मागा. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर नियमाला अपवाद, आणि तो अपवाद कुठल्या ओळीत बसवायचा तेही ठरवून दिलेलं.

शमाचा शेवट आणि यरुशलेमचे दोन स्वर

मजकूर साठवायला ओपन सिद्दूरवाल्यांनी एक्सएमएल (मजकुराच्या प्रत्येक भागाला खुणेच्या डब्यात ठेवायची पद्धत) घेतलं, टीईआय नावाचं जे विद्यापीठांतून जुन्या ग्रंथांसाठी वापरतात ते, आणि त्यावर स्वतःची भर घातली. एक्सएमएलमध्ये डब्यात डबा चालतो, पण दोन डबे एकमेकांत अर्धे घुसलेले चालत नाहीत. आणि प्रार्थना नेमक्या तशाच असतात. शमा घ्या, ज्यूंची सगळ्यात ओळखीची प्रार्थना. ती तोरामधल्या तीन उताऱ्यांची बनलेली आहे, दोन 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातले (इंग्रजीत ड्युटेरॉनॉमी) आणि एक 'गणना' नावाच्या पुस्तकातला. पहिल्या वचनानंतर मधेच एक ओळ येते जी बायबलमध्ये नाहीच, ती हळू आवाजात म्हणायची. तिसरा उतारा 'मी तुमचा देव परमेश्वर आहे' असा संपतो आणि पुढचं आशीर्वचन 'सत्य' या शब्दाने सुरू होतं, पण रीत अशी की मधे श्वास न घेता 'तुमचा देव परमेश्वर सत्य' असं जोडून म्हणायचं. आता तो 'सत्य' कुठल्या डब्यात टाकणार? बायबलच्या हिशोबाने बाहेर, आशीर्वचनाच्या हिशोबाने पुढच्यात, म्हणणाऱ्याच्या तोंडात मागच्यात. यावर उपाय म्हणजे मूळ शब्द सरळ एका ओळीत ठेवायचे आणि वचन कुठून कुठपर्यंत, आशीर्वचन कुठून कुठपर्यंत, एका दमात कुठपर्यंत, हे सगळं वेगळ्या फाइलीत खुणा करून ठेवायचं. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर. पण यात एक गोची आहे, अशा फाइलीत हाताने दुरुस्ती करणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं राहत नाही, आणि 'लोकांनी मिळून करायचं' काम चारदोन जाणकारांच्या हातात जातं. तो तिढा त्यांना पुढे भोवला असं माझं मत आहे.

हिब्रू टायपिंगचं दुखणं देवनागरीवाल्यांना लगेच कळेल. हिब्रूत अक्षरं मुख्यतः व्यंजनांची, आणि स्वर म्हणजे अक्षराच्या खाली-वर-आत टिंबं आणि रेघा. रोजच्या लिखाणात ते गाळतात, पण प्रार्थनेत सगळे हवेत. युनिकोडमध्ये या प्रत्येक खुणेला एक क्रमांक दिलाय, आणि मजकूर 'नॉर्मलाइझ' केला की एका अक्षरावरच्या खुणा त्या क्रमांकाप्रमाणे आपोआप लावल्या जातात. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. बिघडतं ते यरुशलेमला (जेरुसलेम). बायबलमध्ये हे नाव बहुतेक ठिकाणी एक अक्षर गाळून लिहितात आणि त्या गाळलेल्या अक्षराचा स्वर आधीच्या 'ल'च्या खालीच येऊन बसतो, म्हणजे एकाच 'ल'खाली आधी 'आ' आणि मग 'इ'. नॉर्मलाइझ झालं की 'इ' आधी आणि 'आ' नंतर. पडद्यावर टिंबांची जागा चुकते आणि सर्चमध्ये शब्द सापडत नाही. ज्या गावाकडे तोंड करून प्रार्थना म्हणतात त्याच गावाचं नाव मोडायचं म्हणजे फारच झालं. यावरचा उपाय म्हणजे दोन स्वरांच्या मधे एक न दिसणारं चिन्ह घालणं, कम्बाइनिंग ग्राफीम जॉइनर, जे असेल तर क्रम उलटा होत नाही. पण ते चिन्ह दिसत नसल्यामुळे कुणी बॅकस्पेस मारून उडवलं तरी कळत नाही. आपल्याकडे झिरो विड्थ जॉइनरने ज्यांचं डोकं खाल्लंय त्यांना जास्त सांगायला नको. स्वरांसकटचं जुनं हिब्रू छापील पान ओसीआरला (फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला) झेपत नाही, एक टिंब आणि धुळीचा ठिपका त्याला सारखेच, त्यामुळे शेवटी माणसांनी बसून टाइप करणं आणि दुसऱ्यांनी बसून तपासणं याला पर्याय नाही.

लायसन्स

वराडींचा खरा जोर इथे होता आणि माझ्या मते हीच या प्रकरणातली सगळ्यात शहाणी गोष्ट. प्रार्थनेचा मूळ मजकूर कुणाच्या मालकीचा नाही हे सगळ्यांना मान्य, पण भाषांतर, टिपा, नव्या कविता यांचा कॉपीराइट असतो आणि आजची सिद्दूरं प्रकाशकांच्या ताब्यात आहेत. झेरॉक्स काढून शुक्रवारी वाटली तर कुणी बघत नाही, वेबसाइटवर टाकलं की नोटीस. म्हणून जुन्याकडे वळायचं, १८६८ चं झेलिगमान बेअर यांचं जर्मनीत छापलेलं हिब्रू सिद्दूर, १८९० चं सिमियन सिंगर यांचं लंडनचं हिब्रू-इंग्रजी, असं. अमेरिकेत त्या काळी १९२३ च्या आधी छापलेलंच बिनघोर वापरता येत होतं आणि हा आकडा १ जानेवारी २०१९ पर्यंत जागचा हललाच नाही. मधल्या काळातलं काही मोकळं असतं पण त्यासाठी नूतनीकरणाच्या नोंदी तपासत बसावं लागतं.

नव्या मजकुरासाठी त्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्सची तीनच लायसन्स चालवून घेतली, सीसी झिरो (काहीच अट नाही), सीसी बाय (मूळ लेखकाचं नाव द्या) आणि सीसी बाय एसए (नाव द्या आणि पुढेही याच लायसन्सखाली द्या). 'धंद्यासाठी वापरू नका' आणि 'बदल करू नका' ही दोन कलमं असलेलं काही घ्यायचंच नाही. ऐकून कडक वाटतं. लेखक म्हणतो माझी प्रार्थना विकू नका, यात चूक काय? चूक काही नाही, पण एका सिद्दूरमध्ये पन्नास जणांचे तुकडे येतात आणि त्यातल्या एकावर जरी 'विकू नका' असेल तर प्रार्थनागृहाने छपाईखर्च वसूल करायला शंभर प्रतींची किंमत लावायची की नाही हा प्रश्न सगळ्या पुस्तकाला लागतो. 'बदलू नका' असेल तर साराचं नाव घालता येत नाही, म्हणजे मूळ उद्देशच संपला. सगळ्यात कडक तुकडा असतो तो पूर्ण पुस्तकाला आपल्या लायनीत ओढतो. म्हणून प्रत्येक तुकड्याला कुणाचा, कुठल्या पानावरून, कुणी टाइप केला, कुणी तपासला, कुठलं लायसन्स हे चिकटलेलं हवं आणि एक्सपोर्ट करताना शेवटच्या पानावर ती नामावळी आपोआप छापून यायला हवी. हे नंतर करू म्हणून चालत नाही. एकदा चार हजार तुकडे कॉपी-पेस्ट होऊन आले की कुठला कुठून आला ते शोधणं अशक्य होतं, मराठीतल्या व्हॉट्सअॅप कवितांचं काय झालंय ते आपण बघतोच आहोत.

विकीसारखं एकच पान आणि सगळ्यांनी त्यावरच दुरुस्त्या करायच्या, हा मार्गही इथे बसत नाही. विकीत गृहीत असतं की भांडून भांडून शेवटी एक बरोबर मजकूर निघेल. इथे येमेनीचा शब्द आणि पोलिशचा शब्द दोन्ही बरोबर आहेत, कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाहीये. टायपिंगची चूक दुरुस्त करायची, रीत मात्र शेजारी नवीन प्रत म्हणून ठेवायची, नावानिशी. कॅप्लानची प्रत पण ठेवा आणि त्यांना विरोध करणाऱ्यांची पण. वेबसाइटने कुठली चांगली ते सांगायचं नाही.

शेवटी छपाई. बाकी जगात प्रिंट म्हणजे जुनाट गोष्ट, पण शब्बाथ पाळणारा ज्यू त्या दिवशी मोबाइल, कॉम्प्युटर, प्रिंटर कशालाच हात लावत नाही, म्हणून ज्या दिवशी प्रार्थना सगळ्यात मोठी त्याच दिवशी अॅपचा उपयोग शून्य. कागद शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत हातात पडला पाहिजे. आणि त्या कागदावर देवाचं नाव असलं की तो कचऱ्यात टाकता येत नाही, जपून ठेवायचा आणि पुढे पुरायचा. कैरोच्या बेन एझरा प्रार्थनागृहात असेच साठवलेले लाखो तुकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाहेर आले आणि विसरल्या गेलेल्या कितीतरी प्रार्थनांचे पाठ त्यातून सापडले. मी हे डिझाइन करत असतो तर देवाचं नाव ही एक वेगळी खूण ठेवली असती आणि 'कच्ची प्रत' असं एक बटण दिलं असतं, ज्यात नावाच्या जागी नुसतं एक चिन्ह येईल. मार्जिन बघायला काढलेली वीस पानं मग बिनधास्त रद्दीत.

मग झालं का सगळं? तर प्रोजेक्ट चालू आहे आणि मजकूर भरपूर जमलाय, पण ज्याच्यासाठी सुरुवात केली ते 'निवडा आणि छापा' यंत्र वर्षानुवर्षं घडतच राहिलं. वाढलं काय तर साधी वेबसाइट, एक प्रार्थना, एक पान, खाली नाव आणि लायसन्स. लोकांनी त्यातलं उचललं, वर्डमध्ये टाकलं आणि आपलं आपण पुस्तक लावलं. काहींना हे अपयश वाटेल. मला वाटतं लोकांची निम्म्याहून जास्त अडचण तिथेच सुटली होती, त्यांना पानं लावायला मदत नको होती, चोरी न करता वापरता येईल असा तपासलेला मजकूर हवा होता. माझ्या हातात असतं तर पहिली दोन वर्षं यंत्राला हातच लावला नसता, साध्या टेक्स्ट फाइली, नीट नोंदी आणि दोन प्रूफरीडर एवढ्यावर भागवलं असतं, यरुशलेमचा जॉइनर मात्र पहिल्या दिवसापासून.

आता आपल्या घरचं. बेने इस्राएल लोकांनी हिब्रू-मराठी पुस्तकं एकोणिसाव्या शतकातच छापली. १८७४ ला पुण्यात वल्हांडणाची हग्गादा (त्या रात्री घरी वाचायचं पुस्तक) निघाली, त्यात साडी नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकरी करतानाचं चित्र आहे. मुंबईचे जोसेफ एझिकेल राजपूरकर, १८३४ ते १९०५, यांनी प्रार्थनांची कितीतरी मराठी भाषांतरं केली. भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे राजपूरकर कधीचेच मोकळे झाले. कुणाला असं काही डिजिटल करायचं असेल तर लायसन्सची कटकटच नाही. कटकट दुसरीकडे आहे. सणांची नावं मराठीत वेगळी, रोश हशानाला (ज्यू नववर्ष) नव्याचा सण, योम किप्पूरला दारफाळणीचा सण, त्यामुळे कॅलेंडरच्या खात्यात पर्यायी नावांचा रकाना पाहिजे नाहीतर आजीला सर्चमध्ये काही सापडणार नाही. हिब्रू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे, समोरासमोर रकाने लावले तर ठीक, पण मराठी सूचनेच्या मधेच एखादा हिब्रू शब्द आला की कंस आणि पूर्णविराम भलतीकडे उडतात. आणि एका ओळीत देवनागरीच्या मात्रा वर, हिब्रूचे स्वर खाली, म्हणून ओळींमधलं अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा आणि पुस्तकभर छापायच्या आधी एक पान प्रेसवर काढून बघा, स्क्रीनवरचं पान अशा बाबतीत खोटं बोलतं.